लाटेवरचा पहिला हक्क

समुद्र कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांस नवा नाही. जस्टिनियन बादशहाने इ. स. 533 मध्ये सिद्ध करविलेल्या रोमन विधिग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या वस्तू निसर्गतःच सर्वांच्या सामाईक मानल्या आहेत. परंतु सामाईक वस्तूचा उपभोग एका वेळी एकालाच घेता येत असेल, तर तो कोणी घ्यावा? ह्या प्रश्नाचा निकाल एका खेळात पाण्यावरच लागत आला आहे. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा जो खेळ आज सर्फिंग या नावाने जगभर चालतो, त्यात नियम आहेत, पण ते कोणत्या विधिमंडळाने केलेले नाहीत. तंटे आहेत, पण निवाड्यास पंच नाही. या खेळाचे कौतुक गाण्याचा आमचा हेतू नाही. त्यातील 'पहिला हक्क' कसा उत्पन्न झाला व कोठे अडखळला, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. देवाच्या पालखीस पहिला खांदा कोणाचा, या मानासाठी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वाद ज्यांच्या कानांवर आहेत, त्या आमच्या वाचकांस हा विषय अगदीच परका वाटणार नाही.

या खेळाची थोरवी वाढली ती पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील जेम्स किंग या अधिकाऱ्याने 1779 साली केआलाकेकुआ उपसागरात पाहिलेल्या लहरीस्वारांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या लोकांत सरदारापासून सामान्यापर्यंत आणि स्त्रियांपासून मुलांपर्यंत सर्वच लाटांवर खेळत. परंतु सर्वांचा अधिकार सारखा नव्हता. विलिविली वृक्षाच्या हलक्या लाकडाची लांबलचक फळी सरदारांची. पाकी नावाच्या सरदाराची अशी फळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही आहे. तिची लांबी सुमारे 16 फूट. किनाऱ्याच्या काही जागाही त्यांच्याच. ज्यास तिकडे 'कापू' म्हणत, त्या विधिनिषेधाच्या व्यवस्थेने इतरांस तेथे मज्जाव होता. कोना प्रांतातील काहालुऊ येथे कुएमानू नावाचे देवस्थान समुद्राच्या अगदी कडेला आहे. चांगल्या लाटा याव्यात म्हणून तेथे सरदार प्रार्थना करीत. वाइकीकीच्या एका जागेचे जुने नाव 'कालेहुआवेहे', म्हणजे 'काढून दिलेली लेहुआची फुले'. पिकोई नावाच्या कथानायकाने तेथे राजपत्नीबरोबर एकाच लाटेवरून येताना आपल्या गळ्यातील फुलांची माळ काढून तिला दिली, अशी दंतकथा आहे. दुसऱ्याच्या लाटेवर पाऊल टाकणाऱ्याने नजराणा द्यावा, हा संकेत आम्हांस मोठा बोलका वाटतो.

1819 साली हवाईच्या राजानेच कापूची व्यवस्था मोडली. पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनरी आले. बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या झपाट्याने खचली, आणि खेळही क्षीण झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइकीकीस त्याचे पुनरुज्जीवन झाले. ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेता जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याने 1914-15 च्या उन्हाळ्यात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्याचे प्रयोग करून दाखविले. मात्र खेळ जगभर गेला तो कापूवाचून गेला. जुना अधिकार संपला होता, नव्याची गरज अद्याप भासली नव्हती. वाइकीकीच्या लांब व संथ लाटेवर चार-सहा जण हसतखेळत एकत्र येत, आणि त्यात कोणास अन्याय वाटत नसे.

ही गरज गर्दीने उत्पन्न केली. 1950 नंतरच्या दशकात जड लाकडाऐवजी हलक्या फेसाच्या फळ्या आल्या. 1959 च्या 'गिजेट' या चित्रपटाने कॅलिफोर्नियातील मालिबूचा किनारा घरोघर पोचविला. पुढे 1970 नंतर फळी पायास बांधण्याची दोरी आली, तेव्हा ज्यास धड पोहता येत नाही तोही खोल पाण्यात शिरू लागला. या गर्दीतून जो नियम घट्ट झाला तो असा: लाट जेथे प्रथम फुटू लागते त्या टोकाच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. तो उभा राहिला की इतरांनी बाजूस व्हावे. त्याच्या पुढ्यात उडी घेणे हा या व्यवहारातील सर्वांत मोठा अपराध होय. कित्येक किनाऱ्यांवर हा नियम आता फलकांवर लिहिलेला आढळतो. पण फलक लागण्यापूर्वीही तो नियमच होता. लेखी वचनापेक्षा रूढीचा स्पष्ट पुरावा बलवत्तर, असे 1868 साली रामनाडच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने हिंदू कायद्याविषयी म्हटले होते. त्या न्यायमूर्तींस ही रूढी पटली असती, असे आम्हांस वाटते.

या रूढीची खरी कसोटी भूशिराला वळसा घालून फुटणाऱ्या लाटेवर लागते. सरळ वाळवंटाच्या किनाऱ्यावर लाटा दहा ठिकाणी फुटतात, तेव्हा दहा जणांची सोय होते. भूशिरापाशी मात्र लाट खडकाच्या टोकाला फुटू लागते आणि वाळूच्या कडेने एका बाजूस सोलली जावी तशी दूरवर उलगडत जाते. आरंभबिंदू एकच, म्हणून रांगही एकच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या सरहद्दीवर स्नॅपर रॉक्स येथे अशी लाट आहे. वाळू अनुकूल असेल तर ती रेनबो बे, ग्रीनमाउंट यांवरून किर्‍याच्या दिशेने जाते, आणि क्वचित सुमारे दोन किलोमीटरांची वाट तयार होते. आठ वेळा जागतिक विजेती ठरलेली स्टेफनी गिलमोर व तीन वेळा विजेता ठरलेला मिक फॅनिंग याच पाण्यावर घडले.

जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत कोरल समुद्रात चक्रीवादळ घोंगावू लागले की त्याचा लाटांचा लोंढा या भूशिरावर येऊन आदळतो. शेकडो लोक फळ्या घेऊन पाण्यात उतरतात. टोकाजवळ, अगदी खडकामागे, जागा धरण्याची चढाओढ लागते; जो जितका खडकाजवळ, तितका त्याचा हक्क मोठा, आणि खडकावर आपटण्याचा धोकाही तितकाच मोठा. रूढीने हक्काला जोखमीची जोड दिली आहे, यातच तिचे शहाणपण आहे. परंतु अशा दिवशी किनाऱ्यालगत ओढ इतकी जबर असते की लाटेचा शेवट गाठलेल्या माणसास पोहत परत येणे दुष्कर. तो वाळूवर येतो, फळी काखेत मारून चालत, कधी धावत, भूशिराकडे जातो आणि खडकावरून पुन्हा उडी घेतो. इकडे खाली वाहून गेलेले स्वार, ज्यांस टोकाशी पोचण्याची आशा उरलेली नाही, ते मधल्या मधल्या ठिकाणी लाट पकडू पाहतात. वरून न्याय्य हक्काने येणारा स्वार त्यांस दिसतो. पण दिवसभरात एकही लाट न मिळालेल्या माणसास न्याय सांगणे कठीण. एकाच लाटेवर तिघे-चौघे उभे राहतात, फळ्या आपटतात, शिव्या ऐकू येतात. नियम सर्वांस पाठ असतो, फक्त पाळला जात नाही.

असे दंगे नेहमी शिव्यांवर थांबत नाहीत. 1966 चा जागतिक विजेता नॅट यंग यास 2000 साली न्यू साउथ वेल्समधील अँगोरी या भूशिराच्या गावी अशाच तंट्यातून इतकी मारहाण झाली की त्याच्या चेहऱ्याची हाडे मोडली. कॅलिफोर्नियातील लुनाडा बे येथे तर स्थानिक मंडळींनी बाहेरच्यांस लाटेवर येऊ द्यावयाचे नाही असा वर्षानुवर्षे शिरस्ताच पाडला होता. 2016 साली त्याविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला, आणि किनाऱ्यावर त्यांनी उभारलेला दगडी ओटा त्याच वर्षी पाडण्यात आला. आम्ही जन्मापासून येथे राहतो, म्हणून लाट आमची, हा युक्तिवाद ऐकताना जुनी कापू मागल्या दाराने परत आल्याचा भास होतो. फरक इतकाच की सरदार निदान प्रार्थना तरी करीत असत. तरीही स्थानिकांचे म्हणणे सर्वथा टाकाऊ नाही. जो माणूस त्या खडकाचे कंगोरे, ती ओढ आणि वाळूची दर हंगामी होणारी हालचाल ओळखतो, तोच बुडणाऱ्यास प्रथम हात देतो. त्यास मान मिळावा, हे आम्हांस मान्य आहे. मक्ता मिळावा, हे नाही.

शिवाय ज्या लाटेवर 'परंपरागत' हक्क सांगितला जातो, ती लाट तरी कितपत परंपरागत आहे? 1960 नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ट्वीड नदीच्या मुखावरील दगडी भिंती नौकानयनासाठी समुद्रात पुढे नेल्या गेल्या. दक्षिणेकडून उत्तरेकडे दरसाल सुमारे 5 लाख घनमीटर वाळू त्या किनाऱ्याने सरकत असते. ती भिंतींआड अडकली व क्वीन्सलंडचे किनारे खरवडले गेले. 1972 साली किर्‍यास दगडी बांध घालावा लागला. अखेर दोन राज्यांत करार होऊन 1995 साली कायदा झाला, आणि 2001 पासून नदीच्या दक्षिणेची वाळू पंपांनी उत्तरेकडे टाकण्याचे काम सुरू झाले. (सीमेवरील दोन राज्ये पाण्यावर नव्हे, वाळूवर समेट करतात, हे वाचून आमच्या बेळगावकडील वाचकांस हेवा वाटेल!) या वाळूनेच स्नॅपरपासूनची ती अखंड लाट घडली. त्याच वाळूच्या अतिरेकाने किर्‍याची मूळची नामांकित लाट मात्र कित्येक वर्षे गाडली गेली. तेथील बांधाचा 1996 साली कापलेला भाग 2013 साली पुन्हा बांधण्यात आला.

म्हणजे स्वारास्वारांतील हक्क ठरविणारी रूढी लाटेचे रक्षण करू शकत नाही. तिला त्यासाठी लेखी कायद्याचीच कास धरावी लागते. पेरू देशाने 2000 साली अशा लाटांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि चिकामा येथील भूशिराच्या लांबलचक लाटेस त्याचे संरक्षण मिळाले. न्यूझीलंडने 2010 च्या किनारा-धोरणात राष्ट्रीय महत्त्वाच्या लाटांची यादीच दिली. रॅगलनजवळची मानू बेची लाट तीत आहे. गोल्ड कोस्टचा हा पट्टा 2016 साली जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्या घोषणेस मान आहे, कायद्याचे बळ नाही.

मार्च 2025 मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. ते जमिनीवर पोचण्यापूर्वीच किर्‍यापाशी प्रचंड लाटा उठल्या, आणि घरांच्या दारांशी वाळूच्या पिशव्या रचल्या जात असता फळ्या घेतलेली माणसे समुद्राकडे निघाली होती. वादळ ओसरल्यावर किनाऱ्याची वाळू मोठ्या प्रमाणात वाहून गेलेली आढळली. जेथे उतरते पुळण होते तेथे पुरुषभर उंचीचे कडे उभे राहिले. ती वाळू काही नष्ट झाली नव्हती. ती पाण्याखाली जाऊन बसली होती, आणि पुढची लाट कोठे फुटेल व रांग कोठे लागेल, हे तिच्यावर अवलंबून होते.