माहुलची शेती आणि शिमग्यानंतरची कामं



शिमगा झाला. होळीची राख अजून माळावर दिसतेय आणि पाडवा तोंडावर आलाय. ह्या दिवसांत कुणी पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, "काय चाललंय शेतावर?" तर घरातला बाप्या सांगतो, "काय नाय, भात झोडून झाला. आता पाऊस पडेपर्यंत मोकळं." गटाच्या बैठकीत आम्ही हे वाक्य बोलून दाखवलं तेव्हा सगळ्याजणी हसल्या. मोकळं म्हणजे कोण मोकळं?

आज ह्या मोकळ्या म्हटल्या जाणाऱ्या दिवसांचा इतिहास सांगायचा आहे. त्यासाठी आपण अशा एका गावात जाऊ, जिथली शेती कधीच गेली. गावाचं नाव माहुल. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. आम्ही पेणच्या खारेपाटातल्या बाया माहुलचं का बोलतोय, असं वाटेल. आमच्या गटातल्या एकीची आजी माहुलची होती. लग्न होऊन खाडी ओलांडून इकडे आली. आजी आता नाही, पण ती जे सांगायची ते नातीच्या लक्षात आहे, आणि ते ऐकताना आम्हाला आमचंच गाव दिसत होतं. तीच खारी जमीन, तीच मातीची बांधणी, तेच मीठ.

माहुल हे साष्टीतलं गाव. साष्टी आधी पोर्तुगीजांकडे होती, १७३९ पर्यंत मराठ्यांनी ती घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. राज्यं बदलली तरी काठावरच्या आगरी-कोळी घरांचं वर्ष भरती-ओहोटीवर आणि पावसावर चालत राहिलं. मुंबई जवळ असली तरी हा सगळा भाग पुष्कळ काळ ठाणे जिल्ह्यातला खेड्यांचा मुलूख होता. चेंबूरपर्यंत प्रवाशांची रेल्वे आली ती १९२४ साली.

अशा घरची शेती लहान असे. थोडी गोडी जमीन, थोडी खारी. गोड्या जमिनीत रोपं करून भात लावायचं. खारीत नांगर घालायचा नाही, कारण नांगरलं तर खालचा खार वर येतो. तिथे पावसानं मीठ धुऊन गेलं की बी फेकायचं. चिखल फार असेल तर बी भिजवून, ढीग करून, मोड आणून मग फेकायचं. खारीतला तांदूळ लाल. बाजारात त्याला भाव कमी, पण पेज त्याचीच चांगली, असं आजी म्हणायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्याही तेच म्हणतात.

ही खारी जमीन शेत म्हणून उभी राहते ती एका बांधाच्या जिवावर. समुद्राच्या बाजूचा बाहेरकाठा आणि त्यातली उघाडी. बाहेरकाठा फुटला आणि उधाणाचं पाणी आत आलं, की त्या वर्षाचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन नीट पिकत नाही. म्हणून बांधाचं काम भात घरात आल्यावर, पावसाच्या आधी. फाल्गुन-चैत्रातच. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळून, ओहोटीची वेळ साधून खाडीचा चिखल काढायचा, त्याचे गोळे करायचे, आणि ते हातोहात बांधापर्यंत पोचवायचे. चिखल काढणारे बहुतेक पुरुष. गोळे पोचवणाऱ्या बाया आणि पोरं. आजीला सातव्या-आठव्या वर्षीच त्या रांगेत उभं केलं होतं. खाडीच्या चिखलात शिंपल्यांचे तुकडे असतात. हात कापायचे आणि खाऱ्या पाण्यानं चरचरायचे. १९४८ मध्ये खारजमिनीचा पहिला कायदा झाला आणि सरकार बांधांच्या कामात आलं. त्याआधी ज्याची खार, त्यानंच ती राखायची. "त्यानं" म्हणजे त्याच्या घरानं, आणि घरानं म्हणजे कुणी, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं काम राबाचं. हे आमच्या तरुण पोरींना आता ऐकूनच माहीत आहे. गोड्या जमिनीत ज्या तुकड्यात रोपं करायची, तिथे आधी शेणाचा थर, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पातेरा नाहीतर गवत आणि वर बारीक माती. चांगलं वाळू द्यायचं आणि मग पेटवायचं. तेही वाऱ्याच्या उलट्या बाजूनं, म्हणजे भडका न होता हळूहळू जळतं. त्या राखेत पहिल्या पावसाला बी टाकलं की तणही कमी आणि रोप जोमदार. आज कृषी खात्याची माणसं जाळू नका, गादीवाफा करा, असं सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्या काळी घरचं रोप राबावरच तयार व्हायचं. राब पेटवण्याचा एक दिवस सगळ्यांना दिसतो. त्याआधी महिना-दीड महिना शेण साठवणं, पातेरा झाडून आणणं, डोक्यावर भारे वाहणं चालायचं, ते कुणाच्या डोळ्यांत भरत नसे.

राबावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठं भांडण झालं होतं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. १८७८ चा जंगल कायदा आला, टहाळ तोडण्यावर बंधनं आली आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्यासाठी जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. बघा, पावसाळ्यातली लावणी नाही, तर उन्हाळ्याच्या तोंडचं टहाळाचं काम ह्या भांडणाच्या मुळाशी होतं. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मोकळे दिवस म्हणे!

बाकीची कामं भराभर सांगतो, कारण ती तुम्ही सगळ्याजणी करता. भातानंतरच्या ओलीवर टाकलेला वाल उपटायचा, सोलायचा, वाळवायचा. शेणी थापायच्या. मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कुटायचा. कोळ्यांकडचा जवळा आणि बोंबील घ्यायचा, पैसे नसले तर भात देऊन. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं आणायची. चैत्रात घरची माणसं कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला जायची. बायाही जायच्या, पण मागे गुरांचं कोण बघणार ह्यावरून दरवर्षी वाद! आजी लग्नाआधी एकदाच गेली होती.

आणि मीठ. मिठागराचा मोसम थंडीपासून पाऊस येईपर्यंत. ऊन चढलं की काम जोरात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, मीठ धरलं की ओढून बाजूला करायचं. ओढायला पुरुष आणि डोक्यावर पाटी घेऊन ढिगापर्यंत न्यायला बाया. ओलं मीठ जड असतं आणि पाटीतून गळणारं पाणी मानेवरून पाठीवर येतं. छोट्या शेतकऱ्याच्या घरात ह्या मजुरीचाच रोख पैसा यायचा. बियाणं, मीठ-मिरची, सावकाराचं व्याज, सगळं त्यातून.

आता कागदाकडे येऊ. सात-बारा आपण सगळ्याजणी ओळखतो. कर्जाच्या वेळी बघितलेला असतो. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, आणि गाव नमुना बारा सांगतो तिच्यात पीक कुठलं. भात लावला की बारामध्ये भात येतो. बांधाला लावलेला चिखल येत नाही, राबाचा पातेरा येत नाही. पीक ज्या कामावर उभं राहिलं त्या कामाला रकानाच नाही. आणि सातवर नाव असायचं ते बहुधा आजोबाचं, बापाचं, भावाचं.

गाव गाव आहे तोवर ह्यानं फारसं अडत नाही. सासू-सुना-लेकी त्याच जमिनीवर राबतात आणि त्याच जमिनीचं खातात. जमीन जाते तेव्हा कळतं.

माहुल-तुर्भ्याच्या पट्ट्यात ती १९५० नंतर जाऊ लागली. १९५१ साली केंद्र सरकारनं परदेशी तेल कंपन्यांशी करार केले. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून ओळखले जातात. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी चालू झाली, त्याच वर्षी टाटांचं वीजघर, आणि पुढे १९६५ मध्ये खताचा कारखाना. देशाला हे हवं होतं, नाही असं आम्ही म्हणत नाही. त्या रॉकेलवर आमच्या घरचे कंदील जळले आणि त्या खतावर आमचं भात वाढलं. पण हिशेबाची पद्धत बघा. तेव्हा जमीन घेण्याचा कायदा १८९४ चा. त्यात मोजायची ती जमीन, तिच्यावरचं उभं पीक आणि झाडं, आणि मोबदला द्यायचा तो त्या जमिनीवर कागदोपत्री हक्क दाखवू शकेल त्याला. फाल्गुन-चैत्रात बांधावर आणि राबावर घातलेले दिवस कुठल्या कलमात बसवणार?

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १७ जून १९५६. ह्या दिवशी हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हिस्सा मिळाला. त्याआधी विधवेला होता तो हक्क तिच्या हयातीपुरता, आणि मुलगा असताना मुलीला वारसच धरत नसत. म्हणजे तेलाचे दोन्ही कारखाने सुरू झाले तेव्हा माहुलच्या लेकींना बापाच्या शेतात कायद्यानं वाटाच नव्हता. आजीला भावानं एक लुगडं दिलं. ती ते शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवून होती, नेसली नाही. रागानं की मायेनं, नातीला विचारायचं राहून गेलं.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क मिळायला तर आणखी कितीतरी वर्षं लागली. महाराष्ट्रात १९९४ साली तो आला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून लग्न झालेली-न झालेली असा भेद गेला. त्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती उकलता येत नाही. जमीन घेण्याचा जुना कायदाही गेला. २०१३ चा नवा कायदा त्या जमिनीवर पोट असलेल्या कुळांना आणि शेतमजुरांनाही बाधित धरतो, आणि विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बाईला वेगळं कुटुंब मानतो. हे वाक्य आम्ही दोनदा वाचलं, कारण आमच्या गटातच अशा तिघी आहेत.

माहुलचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तिथली हवा तब्येतीला धोक्याची असल्याचं म्हटलं. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत आणलं गेलं, आणि आम्हाला इथून हलवा म्हणून त्या कुटुंबांना आंदोलन आणि कोर्ट दोन्ही करावं लागलं. खाडीत मात्र थंडीत रोहित पक्षी येतात आणि उन्हाळा सरेपर्यंत चिखलात चरत असतात. आजी ज्या चिखलात कालवं शोधायची, त्याच बाजूला.

आमच्याकडे २००८ च्या सप्टेंबरात सेझच्या वेळी पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं होतं. सेझ आला नाही, बांध वाचले. आम्ही मोर्चात होतो, भाकऱ्या बांधून गेलो होतो. पण शेतकरी म्हणून यादीत आपल्यापैकी कितीजणींचं नाव आहे, हे तेव्हा एकीनंही विचारलं नव्हतं.

ह्या शिमग्यानंतर गटात आम्ही एक वही केली. रोज संध्याकाळी प्रत्येकीनं सांगायचं, आज शेतासाठी काय केलं, आणि जिला लिहिता येतं तिनं लिहायचं. पहिल्या आठवड्यात अर्ध्याजणी म्हणाल्या, "काय नाय, शेताचं काय केलं नाय." मग बाजूची विचारायची, सकाळी शेण कुठे टाकलंस? वाल कुठल्या शेतातला सोललास? मग लिहिलं जायचं. वहीची एकोणीस पानं भरली आहेत. शेवटच्या पानावर आम्ही प्रत्येकीचा गट नंबर लिहून ठेवलाय, आणि समोर सातवर कुणाचं नाव आहे ते. सोमवारी तलाठी येतात, तेव्हा उतारे काढायला सगळ्या मिळून जाणार आहोत.