कुत्र्यांचा पैसा, मेंढ्यांची भरपाई

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लहान गावांचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले वार्षिक अहवाल चाळताना सार्वजनिक ग्रंथालयाच्या जमेत एक बाब वारंवार भेटते: कुत्र्यांच्या कराची परत आलेली रक्कम. हा पैसा पुस्तकांना का मिळाला, याचा उलगडा हिशेबाच्या त्या पानांवरून होत नाही. त्यासाठी राज्याचे कायदे वाचावे लागतात, आणि ते आपल्याला मेंढ्यांपर्यंत नेऊन पोचवतात.

1867 च्या कायद्याने प्रत्येक मालकाला 30 एप्रिलच्या आत कुत्र्याची नोंद करून वर्षभराचा परवाना घेणं बंधनकारक केलं. नरासाठी 2 डॉलर, मादीसाठी 5. मादीची फी अडीचपट ठेवण्यामागे पिल्लावळीला आळा घालण्याचाच विचार असणार, असं मी मानतो. महसुलाचं गणित एवढा फरक समजावून देत नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. परवाना आणि पट्टा नसलेला कुत्रा कोणीही मारावा, अशी मुभा होती. पोलिसांवर मात्र तो मारण्याची सक्ती होती. या कलमाला आव्हान दिलं गेलं. 1868 मध्ये ‘ब्लेअर विरुद्ध फोरहँड’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. निकालपत्र न्यायमूर्ती होरेस ग्रे यांचं.

एवढी कठोरता कशासाठी? मेंढ्या मारणारे कुत्रे बहुधा रात्री येत आणि सकाळी कोणाच्या तरी अंगणात निवांत बसलेले असत. कळप फाडलेला समोर दिसतो, पण कुत्रा कोणाचा हे सिद्ध करता येत नाही. अशा वेळी दावा लावायचा तरी कोणावर? म्हणून सगळ्या मालकांच्या फीचा एक निधी काउंटीच्या तिजोरीत जमा केला आणि अनोळखी कुत्र्याने केलेलं नुकसान त्यातून भरून दिलं. मला या व्यवस्थेचं मोल मोठं वाटतं. जोखीम मेंढपाळाच्या एकट्याच्या माथी न ठेवता ती कुत्रा पाळणाऱ्या साऱ्यांवर वाटून दिली होती.

भरपाई मागण्याची रीत बारकाईने लिहिलेली आहे. नुकसान झालेल्याने गावच्या निवडून दिलेल्या कारभाऱ्यांच्या प्रमुखाकडे जायचं. पुढच्या काळातल्या तरतुदींत तर या प्रमुखाने स्वतः जागेवर जाऊन पाहणी करायची, आणि नुकसान 20 डॉलरांहून जास्त वाटलं तर दोन त्रयस्थ माणसं नेमून तिघांनी शपथेवर किंमत ठरवायची. हा पंचनामाच होता. निधी अपुरा पडला तर उपलब्ध रक्कम दावेदारांत प्रमाणात वाटली जाई.

1869 च्या कायद्याने शिलकीचा प्रश्न सोडवला. भरपाई देऊन उरलेला पैसा काउंटीने गावांना परत करायचा आणि गावाने तो सार्वजनिक ग्रंथालयावर किंवा शाळांवर खर्च करायचा. इथे मला एक अवघड जागा दिसते. मेलेल्या मेंढीची किंमत लावणारा कारभारी आणि ग्रंथालयाच्या शिलकीची वाट पाहणारं गाव, दोघांचं हित एकच. त्रयस्थ माणसं आणि शपथ या अटी खोट्या दाव्यांइतक्याच कंजूष मूल्यांकनाविरुद्धही दावेदाराच्या उपयोगी पडल्या असणार.

कुत्रा ओळखीचा निघाला तर दुसरी वाट मोकळी होती. मालकाकडून नुकसानीच्या दुप्पट रक्कम वसूल करण्याचा हक्क कायद्यात होता. पण त्यासाठी शेजाऱ्याला कोर्टात खेचावं लागे. निधीकडे गेलं तर त्याच्याविरुद्ध स्वतः दावा लावण्याची पाळी येत नसे. अर्थात त्यामुळे शेजारी सुटत नव्हता. मेंढपाळाला दिलेली भरपाई त्याच्याकडून वसूल करायला काउंटी स्वतः दावा लावू शकत होती.