पडीक रान आणि कर्ज

बायबलमधील ‘लेवीय’ पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे. ‘अनुवाद’ पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात सातव्याच वर्षी कर्जमाफीची. माझ्या मते दुसरीवाचून पहिली पाळणे शक्यच नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आले, बायबलही आले. पण इंग्रजी अमलात सारा पिकावर नव्हे, सर्व्हे नंबरावर. शेत पड ठेवले तरी तो भरायचा. शेताचा राजीनामा दिला तरच सुटका. मग सावकार. 1875 साली पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी जाळले ते कर्जरोखे! आज दिवाळीच्या सुमारास पाथर्डीतून ऊसतोडीचे कोयते निघतात, मुकादमाची उचल फेडायला. मागे कोरडवाहू रान मोकळे पडते. त्याला विसावा म्हणायला मी धजत नाही.