निस्सान स्कायलाइन जीटी-आर (आर३२)

निस्सान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) ही जपानमधील निस्सान कंपनीने १९८९ ते १९९४ या काळात उत्पादित केलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. तिचा चासी संकेतांक बीएनआर३२ असा असून ती जीटी-आर मालिकेतील तिसरी पिढी होय. ऑस्ट्रेलियात ती 'गॉडझिला' या टोपणनावाने ओळखली गेली.

पार्श्वभूमी

पहिली स्कायलाइन जीटी-आर १९६९ मध्ये बाजारात आली. १९७३ मधील दुसऱ्या पिढीच्या केवळ १९७ गाड्या तयार झाल्या व त्यानंतर हे नाव १६ वर्षे वापरात नव्हते. 'ग्रुप ए' शर्यती जिंकणे हे आर३२ च्या निर्मितीमागील मुख्य उद्दिष्ट होते. नागानोरी इतो हे या पिढीचे मुख्य अभियंते होते. ऑगस्ट १९८९ मध्ये गाडीची विक्री सुरू झाली.

तांत्रिक रचना

गाडीत आरबी२६डीईटीटी हे २,५६८ घन सेंमी क्षमतेचे, एका रांगेत सहा सिलिंडर व दोन टर्बोचार्जर असलेले इंजिन आहे. ग्रुप ए नियमांनुसार टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून गाडीचा वर्ग ठरत असे. या हिशेबाने ती सुमारे ४,३६६ घन सेंमी, म्हणजे ४,५०० च्या मर्यादेत राहते. जपानी उत्पादकांनी आपसांत पाळलेल्या संकेतानुसार अधिकृत शक्ती २८० पीएस इतकीच नोंदवली गेली. अटेसा ई-टीएस प्रणाली एरवी मागील चाकांना शक्ती पुरवते व ती घसरू लागताच पुढील चाकांकडे जास्तीत जास्त निम्मी शक्ती वळवते. सुपर हायकास प्रणालीमुळे मागील चाकेही किंचित वळतात.

आवृत्त्या

* निस्मो (१९९०): शर्यतीच्या मान्यतेसाठी ५६० गाड्या, त्यांपैकी ६० शर्यतींसाठी राखीव. एबीएस नाही.
* एन१ (१९९१): शर्यतीसाठीची हलकी आवृत्ती, वातानुकूलन व एबीएस वगळलेले.
* व्ही-स्पेक (१९९३): ब्रेम्बो ब्रेक व १७ इंची बीबीएस चाके.
* व्ही-स्पेक २ (१९९४): अधिक रुंद टायर.

शर्यती

१९९० ते १९९३ दरम्यान अखिल जपान टूरिंग कार स्पर्धेतील सर्व २९ शर्यती आर३२ ने जिंकल्या. १९९१ मध्ये बेल्जियममधील स्पा २४ तासांची शर्यतही तिने जिंकली. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथे जिम रिचर्ड्स व मार्क स्काइफ यांनी १९९१ व १९९२ मध्ये विजय मिळवला. १९९२ ची शर्यत मुसळधार पावसामुळे थांबवण्यात आली. त्यापूर्वी त्यांची गाडी अपघातग्रस्त झाली होती. तरीही आधीच्या फेरीतील क्रमवारीनुसार त्यांनाच विजेते घोषित केल्याने प्रेक्षकांनी विजयमंचासमोर त्यांची हुर्यो उडवली. त्या वर्षी गाडीवर अतिरिक्त वजनाचे व टर्बोच्या दाबाचे निर्बंध होते. १९९३ पासून तेथे पाच लिटर व्ही८ गाड्यांवर आधारित नवे नियम लागू झाले आणि आर३२ चा तेथील स्पर्धात्मक प्रवास थांबला.

उत्तराधिकारी

१९९५ च्या जानेवारीत आर३३ जीटी-आर बाजारात आली. आरबी२६डीईटीटी इंजिन मात्र पुढे आर३४ पर्यंत वापरात राहिले.