बडोद्याची तालीम आणि आमचा वजनकाटा

गेल्या चतुर्थीनंतर डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभे केले आणि सहा किलो उतरवायला सांगितले. सरकारी खुर्ची, दोन वेळची शीतकडी आणि त्यावर नेवऱ्या, दोष कोणाला द्यायचा? ऑफिसातल्या एकाने मोबाईलवरच्या एका गटात माझे नाव घातले. रोज किती पावले चाललो, काय खाल्ले ते लिहायचे. पंधरा दिवस लिहिले, मग सोडले. "का रे, दिसत नाहीस?" असे कोणीही विचारले नाही.

तेव्हा बडोदे आठवले. सयाजीराव गायकवाडांच्या त्या राजधानीत जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादाची तालीम होती. पुढे ती त्यांचे शिष्य गजानन यशवंत तांबे, म्हणजेच राजरत्न प्रा. माणिकराव यांनी चालवली आणि गुरूचेच नाव ठेवले : जुम्मादादा व्यायाम मंदिर. माणिकरावांनी एकट्याच्या दंडबैठकांना संघव्यायामाची जोड दिली आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत बसवले. रांगेत उभे राहायचे म्हणजे एक जागा रिकामी पडली की ती सर्वांना दिसते. आळसावर याहून मोठे औषध नाही.

याच तालमीत १९०७ ते १९१० या काळात डभोईचा एक तरुण शिकला, जगन्नाथ गणेश गुणे. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे तो योग शिकला आणि १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्याने उड्डियान आणि नौली या क्रियांवर प्रयोग केले. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले.

पण तालमीपर्यंत पोचू न शकणाऱ्यांचे काय? आखाडा तर मुख्यतः पुरुषांचा. त्याचेही उत्तर बडोद्यातच निघाले. दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या वर्षांत मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे १० खंड सिद्ध केले. जे उस्तादाच्या तोंडी होते ते छापून घरोघरी जाऊ शकले. आज मोबाईल करतो ते याहून फारसे वेगळे नाही.

मात्र कोश व्यायाम शिकवतो, हजेरी घेत नाही. माझ्या त्या गटात नेमके हेच राहून गेले होते. माहिती रगड होती, वाट पाहणारे कोणी नव्हते. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला मनातून लाज वाटत असते. एकदा चुकला की तो गुपचूप बाजूला होतो. त्याला परत बोलावणारा कोणीतरी लागतो.

आता आम्ही चौघेच आहोत. आकडे अजून मोबाईलवरच लिहितो. पण ज्याचा आकडा आला नाही त्याला सकाळी सात वाजता फोन जातो. अडीच किलो उतरले आहे. परवा मी दांडी मारली, तर शेजारचे भाटकार दारातच येऊन उभे राहिले. चहा झाला आणि मग आम्ही मिरामारला चालायला गेलो.