मानसशास्त्रीय संशोधनपद्धती

वर्तन व मानसिक प्रक्रिया यांविषयीचे विधान पुराव्यावर पारखून घेण्याच्या रीतींना मानसशास्त्रीय संशोधनपद्धती म्हणतात. माणसाच्या स्वभावाविषयी आपल्याला पुरेसे कळते असे बहुतेकांना वाटत असते आणि या शास्त्राची पहिली अडचण तीच आहे. म्हणून कोणतेही मत आधी अभ्युपगमाच्या, म्हणजे खोटे ठरू शकेल अशा नेमक्या व तात्पुरत्या विधानाच्या, रूपात मांडावे लागते.

भारतात या शिस्तीला संस्थात्मक रूप कोलकात्यात आले. तोवर तत्त्वज्ञानाचा एक भाग म्हणून शिकवल्या जाणाऱ्या या विषयासाठी कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये स्वतंत्र विभाग व प्रयोगशाळा सुरू झाली आणि हार्वर्ड येथे ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त तिचे प्रमुख झाले. त्याच शहरात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापणारे गिरींद्रशेखर बोस यांची वाट व्यक्ति-अभ्यासाची होती; एका माणसाच्या मनात खोलवर शिरणारी ही पद्धत नवे प्रश्न सुचवण्यात समर्थ असली, तरी एकावरून सर्वांविषयी बोलण्याचा अधिकार ती देत नाही.

नैसर्गिक निरीक्षण, म्हणजे हस्तक्षेप न करता वर्तनाची नोंद घेणे, कोठे पुरते व कोठे अपुरे पडते हे कोलकात्यातील एस्प्लनेडसारख्या चौकात स्पष्ट होते. ट्रामचा जुना डेपो, बसथांबे आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भारतातील पहिली मेट्रो जेथून भवानीपूरपर्यंत धावली ते स्थानक, यांमुळे येथे घाईत असलेल्या माणसांची वाण नसते. पदपथावर कोणी भोवळ येऊन बसला असता भरभर चालणारे कमी थांबतात, असे निरीक्षकाला आढळले, तर घाई व मदत यांत सहसंबंध आहे एवढेच म्हणता येईल. घाईमुळेच मदत टळली, की भरभर चालणारी माणसे मुळातच वेगळ्या वयाची वा स्वभावाची होती, हे त्या नोंदींतून ठरत नाही. शिवाय ‘मदत’ कशाला म्हणायचे, थबकण्याला की हात देण्याला, हे आधी ठरवून दोन निरीक्षकांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहण्यांत एकाच क्षेत्रातील स्वतंत्र उपनमुने वेगवेगळ्या पाहणीकारांकडे सोपवून पाहणाऱ्याच्या चुकीचा अंदाज घेतला, त्यामागचा विचारही हाच होता.

कार्यकारणाचा प्रश्न प्रयोगाने सुटतो. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रिन्स्टन येथील ४० धर्मशास्त्र-विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवताना कोणाला उशीर झाल्याचे, कोणाला लगेच निघायचे असल्याचे, तर कोणाला अवकाश असल्याचे सांगितले. वाटेत दाराशी एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला होता. घाई हा संशोधकाने बदललेला स्वतंत्र चल आणि मदत हा मोजलेला अवलंबी चल होय. कोणाला कोणती सूचना मिळावी हे यादृच्छिक वाटपाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने ठरल्यामुळे स्वभावातले फरक सर्व गटांत विखुरले गेले. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के, मध्यम घाईतले ४५ टक्के, तर फार घाईतले फक्त १० टक्के मदतीला थांबले. काहींना तर परोपकाराच्या बायबलमधील दृष्टांतावरच बोलायचे होते, तरी त्याने लक्षणीय फरक पडला नाही, ही बाब विशेष मननीय आहे.

जेथे प्रयोग करणे अशक्य किंवा अनुचित असते, तेथे तुलना परिस्थितीतूनच शोधावी लागते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, हादरा बसूनही हानी न झालेल्या भागांत, याहून भयंकर संकटाच्या अफवा पसरल्याची नोंद जमुना प्रसाद यांनी केली. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगमधील दरडी कोसळल्यानंतर, म्हणजे प्रत्यक्ष हानी झालेल्या ठिकाणी, अफवा तपासल्या, तेव्हा तशी भयसूचक अतिशयोक्ती त्यांना आढळली नाही. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या, म्हणजे एकमेकींशी न जुळणाऱ्या जाणिवांमुळे होणाऱ्या अस्वस्थतेच्या, सिद्धांतात या दोन्ही अभ्यासांचा आधार घेतला : भीती वाटते पण कारण दिसत नाही, तेव्हा माणसे भीतीला साजेसे कारण रचतात, असा अर्थ या तुलनेतून त्यांनी काढला.