कर्ण्याच्या कागदावरचा लेप

ध्वनिवर्धकाचा इतिहास लिहिणारे बहुधा चुंबकाचा, तारेच्या वेटोळ्याचा आणि ॲम्प्लिफायरचा इतिहास लिहितात. ज्या पातळ पडद्यावरून आवाज प्रत्यक्ष हवेत उतरतो त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात, आणि त्या पडद्यावर ब्रशने फासलेल्या लेपाच्या वाट्याला तेवढ्याही नाहीत. हा लेख त्या लेपाविषयी आहे. कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि हौशी मंडळींच्या घरच्या टेबलांवर स्पीकरच्या कोनाला गेली कितीतरी दशके काही ना काही फासले जात आले आहे: रोगण, रबराचे द्रावण, प्लास्टिकचा चीक. यातले औषध कोणते आणि अंगारा कोणता, एवढाच माझा प्रश्न आहे.

आज घरोघरी असलेल्या स्पीकरची मूळ मांडणी १९२५ सालची. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी भोंगा नसलेल्या नव्या कर्ण्यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. कागदाचा हलका शंकू, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, ते वेटोळे चुंबकाच्या फटीत, आणि शंकूची बाहेरची कड शक्य तितकी मोकळी. खालच्या सुरांसाठी ही रचना आदर्श होती, कारण मंद कंपनांत सगळा शंकू एकसंध, पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढेमागे होतो.

अडचण वरच्या सुरांत येते. कंपने जलद झाली की वेटोळ्याने दिलेला धक्का कागदातून लाटेसारखा कडेकडे जातो, कडेवर आपटतो आणि परत फिरतो. जाणारी आणि येणारी लाट काही ठरावीक सुरांवर एकमेकींना बळ देतात, आणि कोनाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशांना थरथरू लागतात. मग गायकाच्या आवाजात कागदाचा आवाज मिसळतो. कुठे नाकातून बोलल्यासारखे वाटते, कुठे पत्रा वाजल्यासारखे. लेपाची गरज इथे निर्माण झाली.

लेपाला इंग्रजी धंद्यात ‘डोप’ म्हणतात. हा शब्द विमानांच्या कारखान्यांत रुळलेला होता. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या पंखांवर लिननचे कापड असे, आणि ते ताणून घट्ट करण्यासाठी व त्यातून हवा जाऊ नये म्हणून त्यावर सेल्युलोजचे द्रावण फासत. सुरुवातीच्या काही डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन हा विषारी द्रावक होता. त्याच्या वाफेने इंग्लंडमधल्या कामगारांना कावीळ झाली, काही दगावले, आणि मग तो द्रावक बदलावा लागला. युद्धानंतर रेडिओचे वेड पसरले तेव्हा हौशी लोकांनी चौकटीवर लिनन ताणून घरीच कर्णे बनवले आणि कापड ताठ करायला हाच डोप वापरला.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. विमानाचा डोप कापडाला ताठ करतो. स्पीकरच्या कोनाला पुढे जो लेप हवा होता तो याच्या उलट गुणाचा: न कडकणारा, वाळल्यावरही किंचित चिकट, वाकताना आतल्या आत घर्षण होऊन कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरवणारा. नाव एक, काम दोन. घरगुती प्रयोगांत आजवर झालेल्या घोटाळ्यांचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते. कडक रोगणाने लाटा जिरत नाहीत. त्यांचे सूर फक्त वर सरकतात, आणि कधी कधी त्या अधिक ठणठणीत वाजतात.

हा भेद मोजून दाखवण्याचे मोठे श्रेय बीबीसीच्या अभियंत्यांना जाते. डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रश्नच बदलला. सूर चालू असताना स्पीकर किती मोठ्याने वाजतो हे सगळेच मोजत. शॉर्टर यांनी सूर अचानक तोडला आणि त्यानंतरच्या क्षणांत स्पीकर काय करतो ते मोजले. निरोगी स्पीकर पटकन गप्प होतो. रोगी स्पीकर काही सुरांवर घुमतच राहतो, आणि हे उरलेले घुमणे साध्या आलेखावर अनेकदा नीट दिसत नाही. पण कानाला ते जाणवते. आवाजाचा दोष आवाज थांबल्यावर शोधायचा, ही दृष्टी माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

तिचे फळ १९६०च्या दशकात दिसले. कागदाचा एक कोन दुसऱ्यासारखा नसतो, दमट हवेत तो बदलतो. प्रसारणाच्या कामाला एकसारखे स्पीकर हवेत, म्हणून बीबीसीतल्या एच. डी. हारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेक्स्ट्रीन या पॉलिस्टायरीनच्या जातीच्या प्लास्टिकचे कोन साच्यातून काढले. ते एकसारखे निघाले, पण कंप पुरेसे जिरवत नव्हते. म्हणून त्यांवर पॉलिव्हिनाइल ॲसिटेटवर आधारलेला लेप देण्यात आला. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी १९७०च्या दशकात बनवलेल्या, जेमतेम फूटभर उंचीच्या ‘एलएस ३/५ ए’ या प्रसिद्ध स्पीकरमध्येही केईएफ कंपनीचा असाच लेप दिलेला बेक्स्ट्रीनचा कोन होता. माणसाचे बोलणे खरे वाटते की नाही, ही त्याची मुख्य परीक्षा. पुढे पॉलिप्रोपिलीन आले. त्याच्या अंगीच कंप जिरवण्याचा गुण असल्याने वेगळ्या लेपाची गरज उरली नाही. हारवुड यांनी १९७७ साली काढलेल्या हारबेथ कंपनीचे स्पीकर याच प्लास्टिकवर उभे राहिले.

पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हे नाव परके वाटले तरी पदार्थ आपल्या घरातला आहे. १९५९ साली बाजारात आलेला फेव्हिकॉल त्याच कुळातला. म्हणून ‘बीबीसीने लावले तेच आपण लावू’ असा मोह होतो. परंतु सुतारकामाचा चिकट द्रव लाकूड घट्ट धरण्यासाठी बनवलेला असतो आणि वाळल्यावर बराच कडक होतो. शिवाय त्यातले पाणी कागदी कोन वेडावाकडा करू शकते. वजनाचा हिशेबही विसरून चालत नाही. हलणाऱ्या भागाचे वजन दुप्पट झाले तर, चुंबक आणि वेटोळे तेच असताना, आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बीबीसीचा लेप त्या कोनासाठी, त्या जाडीत, मोजमाप करून ठरवलेला होता. नुसता पदार्थ उचलला तर औषधाची बाटली मिळते, मात्रा मिळत नाही.

दुसरा मोह व्हायोलिनचा. स्त्रादिवारीच्या वाद्यांचे रहस्य त्यांच्या रोगणात आहे, अशी समजूत फार जुनी. तिच्या आधारे स्पीकरसाठीही ‘वाद्याचे’ रोगण सुचवले जाते. फ्रान्समधल्या संशोधकांनी स्त्रादिवारीच्या पाच वाद्यांच्या रोगणाचे पृथक्करण करून २००९ साली निष्कर्ष मांडले. सापडले ते साधे तेल, पाइनची राळ आणि रंगद्रव्ये, म्हणजे त्या काळच्या चित्रकारांकडे असणारेच सामान. आणि उपमाही चुकीची आहे. व्हायोलिनला स्वतःचा आवाज हवा, स्पीकरला तो नसावा.

आपल्या वाद्यपरंपरेत याच भेदाचे सुंदर उदाहरण आहे. तबल्याची शाई हाही पडद्यावरचा लेपच. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४च्या निबंधात दाखवले, की शाईच्या वजनामुळे चामड्याचे बेसूर उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात, आणि म्हणून तबला नुसता वाजत नाही, सुरात बोलतो. शाई उपस्वरांना शिस्त लावते. स्पीकरचा लेप त्यांना निरोप देतो.

पखवाजाची गोष्ट याहून बोलकी. त्याच्या डाव्या तोंडावर वादक बसण्याआधी ओली कणीक थापतो, थाप मारून ऐकतो, थोडी काढतो, पुन्हा ऐकतो. वादन संपले की ती खरवडून टाकतो. चुकले तर परत फिरण्याची वाट कायम उघडी. कोनावरच्या रोगणाला ही वाट नाही. आधीचा आवाज कायमचा गेलेला असतो, तुलना उरते ती आठवणीशी, आणि तासभर श्रम केलेल्या माणसाची आठवण त्याच्या श्रमांचीच बाजू घेते. म्हणून जोडीतल्या एकाच स्पीकरला लेप देऊन दुसरा कोरा ठेवावा, कोणता कोणता हे ठाऊक नसलेल्या माणसाला एकेक करून ऐकवावेत, आणि दोन्ही स्पीकर सूर तुटल्यावर किती लवकर गप्प होतात ते पाहावे. तिथे जो लेप टिकेल तो औषध. बाकीचा अंगारा, लावणाऱ्याच्या समाधानापुरता.